स्नो ग्लोब दुरुस्तीला देण्यापूर्वी एवढं वाचा

परदेशी गेलेल्या मुलीने, भावाने किंवा आत्याने आणलेला स्नो ग्लोब, म्हणजे आत छोटी मूर्ती असलेला आणि हलवला की बर्फ पडताना दिसणारा पाण्याचा काचेचा गोळा, वर्षानुवर्षं शोकेसमध्ये असतो. हळूहळू आतलं पाणी कमी होतं, वर बुडबुडा दिसायला लागतो, मग पाणी पिवळट पडतं. घरातलं कुणी म्हणतं, ‘राहू दे, नवीन घेऊ.’ नवीन मिळतोही, पण तो आत्याने आणलेला नसतो. ज्यांना तोच हवा आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक.

दुरुस्ती कोणाकडे द्यावी? आमच्या मते कसोटी एकच. गोळा उघडण्याआधी कारागीर तुम्हाला काय विचारतो, ते पाहा. कुठून आणला, आधी कुणी उघडला होता का, पाणी किती दिवसांत कमी झालं, चावीचं म्युझिक वाजतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्हाला तो नव्यासारखा हवा की होता तसा? न विचारता ‘ठेवून जा, करून देतो’ म्हणणाऱ्याकडे वस्तू सोडू नका.

या प्रश्नांमागे कारण आहे. १९००च्या सुमारास व्हिएन्नात शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारे अर्विन पेर्झी ऑपरेशनच्या खोलीत उजेड वाढवायच्या खटपटीत होते. पाणी भरलेल्या काचेच्या गोळ्यात त्यांनी रवा टाकून पाहिला. उजेडाचं जमलं नाही, पण रवा बर्फासारखा खाली उतरताना दिसला आणि त्यातून त्यांचा स्नो ग्लोबचा धंदा उभा राहिला. तेव्हापासून आजवर आत काय भरायचं हे ज्याचं त्याने ठरवलं. कुठे साधं पाणी, कुठे बर्फ सावकाश पडावा म्हणून ग्लिसरीन. काही गोळ्यांत तर इथिलीन ग्लायकॉल सापडतं. ते विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. म्हणून गळणारा गोळा लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांपासून लांब ठेवा, सांडलेलं लगेच पुसा. आतला द्रव ओळखल्याशिवाय वरून पाणी घालणारा कारागीर आमच्या लेखी कारागीर नाही.

पाणी घालायचंच तर डिस्टिल्ड. बोअरचं पाणी घातलं की क्षारांचा पांढरा थर काचेवर आतून चढतो. फिल्टरच्या पाण्यातही थोडे क्षार राहतातच. आम्ही डिस्टिल्ड पाणी उकळून, पूर्ण गार करून वापरतो. त्याने विरघळलेली हवा निघून जाते आणि पुढे बुडबुडे कमी धरतात.

बुडबुडा अजिबात नको, असा आग्रह बरेच जण धरतात. पण थोडा बुडबुडा राहू द्यावा. २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापलं की अर्धा लिटर पाणी सुमारे ३ मिलिलिटरने फुगतं. सांगलीचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. काठोकाठ भरलेल्या गोळ्यात तेवढी जागा नसेल, तर ताण रबरी बुचावर येतो. भरलेला गोळा उन्हं येणाऱ्या खिडकीत तर मुळीच नको. तो भिंगासारखा ऊन एका ठिकाणी गोळा करतो, त्याने पडदा पेटू शकतो.

गळती आहे की नाही, हे घरीच पाहता येतं. बैठक कोरडी पुसा, गोळा रात्रभर टिश्यू पेपरवर ठेवा. सकाळी ओलं कडं उमटलेलं दिसलं, तर बूच किंवा सांधा गेला आहे. कागद कोरडा आणि तरी महिन्या-दोन महिन्यांनी पाणी कमी, तर ते झिरपून हळूहळू उडतंय. दोन्हींवर इलाज आहे. फक्त झटपट चिकटणारा गोंद लावू नका. तो पाण्यात फार टिकत नाही, काचेवर पांढरी धूसर झाक सोडतो, आणि पुढे बूच काढताना काच जाण्याची भीती असते. बैठकीत म्युझिक असेल आणि पाणी आत शिरलं असेल, तर चावी फिरवू नका. सूर देणारी पोलादी फणी गंजायला लागलेली असते, ती आधी उघडून वाळवावी लागते.

मिरजेच्या एका आजींच्या गोळ्यातली चमकी काळवंडली होती. नातू म्हणाला, सगळी बदला. आजी म्हणाल्या, यजमानांनी आणला तेव्हा जी होती तीच राहू दे. आम्ही नुसतं पाणी बदललं. जुनी चमकी, बूच, निघालेला रंगाचा कपचा, जे काही काढलं जाईल ते पुडीत घालून परत देणं हे दुकानाचं काम आहे. ते मागून घ्या. अंदाजे खर्च आधी लेखी घ्या, गोळ्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. भरल्यावर निदान काही दिवस उलटा ठेवून गळती तपासणार का, हेही विचारा. ‘संध्याकाळी या’ म्हणणाऱ्याने सांधा बंद करणाऱ्या सिलिकॉनला सुकायला वेळच दिलेला नसतो.

आमच्याकडे आणताना गोळा उभाच ठेवा, जाड टॉवेलात गुंडाळा, गाडीच्या डिकीत तापू देऊ नका. काच फुटली असेल तरी आशा सोडू नका. हातमोजे घालून तुकडे, आतली मूर्ती आणि सापडेल तेवढी चमकी एका डब्यात भरा. मूर्तीचा रंग ओला असेल तर पुसू नका, तशीच सावलीत वाळू द्या.