न्यू जर्सीत घर, न्यूयॉर्कात नोकरी: दोन राज्यांचं टॅक्स रिटर्न कुठे अडतं

एडिसन किंवा जर्सी सिटीला राहायचं आणि कामाला मॅनहॅटनला जायचं, हे इथल्या कितीतरी मराठी घरांत चालतं. दुसरा प्रकार प्रोजेक्टवाल्यांचा: जूनपर्यंत डॅलस, जुलैपासून न्यू जर्सी. दोन्हींत फेडरल (केंद्र सरकारचं) रिटर्न एकच असतं आणि ते सहसा सरळ पार पडतं. राज्यांची रिटर्न्स मात्र चुकतात, आणि त्याची नोटीस आपण सगळं विसरून गेल्यावर येते.

नियम थोडक्यात असा. तुम्ही जिथे राहता ते राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर टॅक्स लावतं, मग ते कुठेही कमावलेलं असो. जिथे प्रत्यक्ष काम केलंत ते राज्य फक्त तिथल्या कमाईवर लावतं; तिथे अनिवासी म्हणून रिटर्न भरायचं. वर्षाच्या मध्ये घर हलवलंत तर दोन्हीकडे अंशकालीन निवासी. टेक्सस, फ्लोरिडा, वॉशिंग्टन धरून नऊ राज्यांत पगारावर राज्याचा टॅक्सच नाही. पण घर टेक्ससला असलं तरी कॅलिफोर्नियात जाऊन केलेल्या कामाचा टॅक्स कॅलिफोर्निया घेतंच.

‘१८३ दिवसांपेक्षा कमी होतो, म्हणजे तिथे भरायचं नाही’ हे कृपा करून डोक्यातून काढून टाका. न्यूयॉर्कचा १८३ दिवसांचा नियम तुम्हाला तिथलं निवासी धरायचं का, एवढंच ठरवतो, आणि तोही तिथे तुमचं कायमचं घर असेल तरच. अनिवासी माणसाचा पगारावरचा टॅक्स पहिल्या दिवसापासून मोजला जातो. तिथल्या १४ दिवसांच्या नियमाचाही असाच गैरसमज आहे: तो कंपनीने पगारातून टॅक्स कधी कापावा याचा आहे, तुमची देणेदारी त्याने संपत नाही. इलिनॉयसारखी काही राज्यं कामाच्या ३० दिवसांपर्यंत सूट देतात, पण ती त्या राज्यापुरतीच.

आता डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा फॉर्म. ती ३१ जानेवारीपर्यंत मिळायला हवी. तिच्यातले १५, १६ आणि १७ हे बॉक्स राज्यांचे. न्यूयॉर्कच्या नियमानुसार कंपनीला १६ नंबरच्या बॉक्समध्ये न्यूयॉर्कच्या नावापुढे तुमचा फेडरल पगार पूर्णच्या पूर्ण लिहावा लागतो, तुम्ही तिथे चारच महिने काम केलेलं असलं तरी. खाली न्यू जर्सीची ओळ वेगळी. दोन्हींची बेरीज पगाराच्या दुप्पट दिसते आणि माणूस घाबरतो. डब्ल्यू-२ चुकलेली नसते. खरी विभागणी तुम्ही आयटी-२०३ (न्यूयॉर्कचं अनिवासींचं रिटर्न) सोबतच्या आयटी-२०३-बी फॉर्मवर कामाच्या दिवसांवरून करायची असते. सॉफ्टवेअर आपणहून ती करत नाही, ते तो पूर्ण आकडा उचलून पुढे जातं.

त्यासाठी लागतो तो कागद कोणाकडेच नसतो: कोणत्या दिवशी कुठे बसून काम केलं याची नोंद. टॅक्स खातं ती मागतं तेव्हा आठवणीवर भागत नाही. ऑफिसचं कॅलेंडर, विमानाची तिकिटं, टोलच्या ई-झेडपासचं स्टेटमेंट, कंपनीचं पत्र हे सगळं वर्षभर जमवत जा. आणि घरून काम केलेले दिवस न्यूयॉर्कबाहेरचे म्हणून धरू नका. कंपनीच्या गरजेपोटी नव्हे तर तुमच्या सोयीसाठी तुम्ही एडिसनच्या घरातून काम केलंत, तर न्यूयॉर्क तो दिवस न्यूयॉर्कचाच मोजतं. हा नियम अन्यायाचा आहे असं मला वाटतं. न्यू जर्सीनेही २०२३ मध्ये असा नियम लावणाऱ्या राज्यांच्या रहिवाशांना तसाच नियम लावला. पण लागू आहे तोवर त्याच्याशी झगडून रिटर्न भरता येत नाही. बोस्टनला क्लायंटकडे गेलात ते दिवस मात्र वजा होतात, पुरावा असेल तर.

सगळ्यात महागात पडते ती क्रमाची चूक. आधी फेडरल, मग अनिवासी राज्याचं, सगळ्यात शेवटी घरच्या राज्याचं. न्यू जर्सी तुम्हाला न्यूयॉर्कला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट देते, म्हणजे तो आपल्या टॅक्समधून वजा करते, पण ते कापलेल्या रकमेवर नाही, न्यूयॉर्कच्या रिटर्नवर ठरलेल्या टॅक्सवर. समजा न्यूयॉर्कने ९,००० डॉलर कापले आणि रिटर्नवर टॅक्स ७,८०० निघाला. १,२०० न्यूयॉर्क परत करेल. न्यू जर्सीला दाखवायचे ७,८००. लोक १७ नंबरच्या बॉक्समधले ९,००० लिहून मोकळे होतात आणि मग नोटीस येते. शिवाय त्या पगारावर न्यू जर्सीचा स्वतःचा टॅक्स जेवढा, तेवढंच क्रेडिट मिळतं. वरचा फरक परत मिळत नाही. एनजे-१०४० (न्यू जर्सीचं रिटर्न) सोबत न्यूयॉर्कच्या रिटर्नची प्रत हाताशी ठेवा, ती मागितली जाते.

पेनसिल्व्हेनियात काम करणाऱ्यांचं सोपं आहे. न्यू जर्सीशी तिचा करार आहे, त्यामुळे कंपनीला आरईव्ही-४१९ फॉर्म दिला की पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स कापलाच जात नाही. फिलाडेल्फिया शहराचा टॅक्स मात्र या करारात येत नाही.

कन्सल्टिंग कंपन्यांतल्या मुलांसाठी एक काळजीची गोष्ट. कंपनी एका राज्यात, क्लायंट दुसऱ्या राज्यात, आणि टॅक्स मात्र कंपनीच्याच राज्यात कापला जातोय, असं आढळलं तर डिसेंबरपर्यंत थांबू नका, लगेच पेरोलला लेखी कळवा. वर्ष संपल्यावर जिथे राहिलाही नाहीत आणि कामही केलं नाहीत त्या राज्याकडून रिफंड मागावा लागतो, कंपनीचं पत्र जोडावं लागतं, आणि तो येईपर्यंत घरच्या राज्याचा टॅक्स खिशातून भरावा लागतो.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओपीटी (शिक्षणाशी जोडलेली कामाची परवानगी) करणारे फेडरलला बहुतेक वेळा १०४०-एनआर हे अनिवासींचं रिटर्न भरतात. म्हणून राज्यातही आपण अनिवासीच, असं गृहीत धरू नका. राज्य ते स्वतःच्या नियमाने ठरवतं. आणि न्यू जर्सीच्या रहिवाशांनी भारतातल्या एफडीचं व्याज, एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचंसुद्धा, दाखवायचं असतं. भारतात कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट फेडरलला मिळतं, न्यू जर्सी ते देत नाही.

शेवटी तारीख. फेडरल, न्यूयॉर्क, न्यू जर्सी तिघांची १५ एप्रिल; व्हर्जिनियाची १ मे. फेडरलच्या फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढते ती रिटर्न भरण्याची, पैसे भरण्याची नाही. न्यूयॉर्कला मुदतवाढीसाठी आयटी-३७० वेगळा द्यावा लागतो. हिशेब पुरा झाला नसेल तरी अंदाजाने निघणारी रक्कम एप्रिलमध्येच भरा, म्हणजे व्याज आणि दंड वाचतो.