घुबडाच्या पोटातली शिरगणती

दिवाळीच्या आठवडाभर आधी आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली, कोनाड्यात बसलेलं गव्हाणी घुबड. खाली मजकूर : ‘अपशकुनी पक्षी आहे, वॉचमनला सांगून हाकलून द्या. शिवाय घाण करतोय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ‘घाण’ मी हातमोजे घालून कागदी पिशवीत भरून आणली. ती विष्ठा नव्हतीच. अंगठ्याएवढ्या काळ्या गोळ्या होत्या, वरून लाख लावल्यासारख्या चकचकीत. एक गोळी कोमट पाण्यात भिजवली आणि सुईने उकलली. केसांच्या लगद्यातून चार कवट्या निघाल्या. तीन चिचुंदरीच्या, एक उंदराची. एकीलाही तडा नव्हता!

हे कसं होतं, ते मला फार आवडतं. घुबडाला दात नसतात, त्यामुळे लहान भक्ष्य ते आख्खंच गिळतं. त्याचं जठर दोन खणांचं. वरच्या खणात आम्ल आणि पाचकरस सुटतात, खालचा खण म्हणजे पेषणी, स्नायूंची जाड पिशवी. मांस विरघळून आतड्यात जातं. हाडं, केस, नखं पेषणीत अडकतात आणि तिथेच दाबली जाऊन त्यांची गोळी वळली जाते. ती परत वरच्या खणात येऊन थांबते आणि काही तासांनी तोंडावाटे बाहेर पडते. ससाण्यासारखे दिवसा शिकार करणारे पक्षीही गोळ्या टाकतात, पण त्यांत हाडं फारशी उरत नाहीत. कारण आम्लात आहे. मोजमापांत त्यांच्या जठररसाचा सामू (pH) सरासरी १.६ भरला, घुबडांचा २.३५. सामू जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. फरक पाऊण अंकाचा दिसतो, पण सामूची पट्टी लॉगरिदमची असते. एक अंक म्हणजे दहापट, म्हणून पाऊण अंक म्हणजे आम्लतेत साडेपाच पटींहून जास्त फरक. घुबडाच्या त्या मानाने सौम्य आम्लात हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट बरंचसं टिकून राहतं. म्हणूनच घुबडाने काय काय खाल्लं, ते एकेक डोकं मोजून सांगता येतं.

युरोपात अशा गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा व्होल सापडतो. आखूड शेपटीचा, बोथट नाकाचा, गवतावर जगणारा हा उंदराचा नातेवाईक आपल्याकडे मुख्यतः हिमालयात आढळतो. ब्रिटनमध्ये गव्हाणी घुबडाचं मुख्य अन्न म्हणजे शेतातला व्होल. त्याची दाढ भिंगाखाली बघण्यासारखी असते. एनॅमलचे त्रिकोण एकाआड एक, रांगोळीतल्या नागमोडी रेघेसारखे. गवतातल्या सिलिकाने दाढ सतत झिजते, म्हणून तिला मूळच नसतं आणि ती जन्मभर वाढत राहते. वरच्या दुसऱ्या दाढेवर आतल्या बाजूला एक जादा वळसा दिसला, की तो शेतातलाच व्होल.

घुबडं, खोकडं, कोल्हे, बिळात शिरणारे मुंगसासारखे वीझल, सगळे व्होलवर तुटून पडतात. तरी व्होल संपत नाहीत. मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा आणि पिल्लंही काही आठवड्यांत विणीला तयार होतात. उत्तर स्कँडिनेव्हियात व्होलची संख्या तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने फुगते आणि कोसळते. सुगीच्या वर्षी घुबडं जास्त अंडी घालतात, दुष्काळात काही जोड्या अंडीच घालत नाहीत. म्हणजे घुबडं किती असावीत, हे बऱ्याच अंशी व्होलच ठरवतात. एक घुबड पाळलं की परिसरातले उंदीर साफ, हा फॉरवर्ड मेसेज म्हणूनच खोटा आहे. आणि जंगली घुबड पाळणं हा तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच.

आयर्लंडमध्ये शेतातला व्होल नाही. तिथल्या घुबडांच्या आणि केस्ट्रल या छोट्या ससाण्याच्या गोळ्यांत २००७ साली एक अनोळखी कवटी सापडली. ती निघाली पांढऱ्या दातांच्या मोठ्या श्रूची. हा प्राणी त्या बेटावर आहे, हे माणसांना तोवर माहीतच नव्हतं. आपली चिचुंदरी त्याच कुळातली. चिचुंदरी म्हणजे उंदीर नव्हे, तिला कुरतडणारे पटाशीचे दात नसतात. युरोपातल्या साध्या श्रूच्या दातांची टोकं लोहामुळे लालसर असतात, चिचुंदरीची पांढरी. तिच्या कुशीतल्या ग्रंथींना उग्र वास येतो, म्हणून मांजर तिला मारून टाकून देतं. घुबड मात्र गिळतं.

ग्रुपवर मी कवट्यांचा फोटो टाकला आणि एक विनंती केली, की गच्चीवरच्या उंदीर मारायच्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या उचला. हे विष के जीवनसत्त्वाचं चक्र तोडतं आणि रक्त गोठणं बंद पाडतं. उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या तावडीत सहज सापडतो. त्याच्या यकृतातलं विष मग घुबडाच्या पोटात जातं. अपशकुन कोणाचा म्हणायचा तो?

वड्या उचलल्या गेल्या. गेल्या रविवारी तीन नव्या गोळ्या मिळाल्या. शेजारची दुसरीतली मुलगी भिंग घेऊन आली, तिला हातमोजे दिले. बराच वेळ उकलून तिने एक बारीकसा जबडा बाहेर काढला, उजेडात धरला आणि म्हणाली, “काका, टोकं पांढरी आहेत.”