इपॉक्सी रेझिनची निवड : हस्तकला व लाकूडकाम

इपॉक्सी रेझिन ही दोन द्रव एकत्र आल्यावर कडक होणारी कृत्रिम राळ आहे. एका बाटलीत रेझिन आणि दुसरीत हार्डनर असतो. दोन्ही ठरल्या प्रमाणात मिसळले की काही तासांत ते दोन-तीन दिवसांत काचेसारखा, पण काचेपेक्षा चिवट पदार्थ तयार होतो आणि तो पुन्हा वितळत नाही. लाकडातल्या भेगा व गाठी भरणे, टेबलावर चकचकीत थर देणे, फुले-पाने-फोटो पारदर्शक ठोकळ्यात बसवणे अशा कामांना ते वापरतात. दुकानात मात्र 'रेझिन' या एका नावाखाली पाच-सहा वेगवेगळी रसायने मिळतात, आणि एका कामाचे रेझिन दुसऱ्या कामात घातले की माल वाया जातो. जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशी पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. बाटलीवर छापलेली प्रत्येक वेळ सहसा २५ अंश सेल्सिअस तापमान धरून दिलेली असते, आणि मे महिन्यात भुसावळला २५ अंश पहाटेही सहसा मिळत नाहीत.

इपॉक्सीचा शोध लाकडासाठी लागला नव्हता. स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ प्येर कास्तान दातांच्या कवळ्यांसाठी साहित्य शोधत असताना १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना ही राळ साधली. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली रंग-रोगणाच्या अंगाने तिथेच पोहोचत होते. कास्तान यांचे हक्क बाझेलच्या सीबा कंपनीने घेतले आणि १९४६ मध्ये 'अ‍ॅराल्डाइट' हे गोंद बाजारात आले. आपल्याकडे कपाची कानी तुटली की आठवणारे अ‍ॅराल्डाइट आणि गळक्या नळाला लावायचे एम-सील ही दोन्ही इपॉक्सीच आहेत. 'नदीचे टेबल', म्हणजे दोन फळ्यांमधून नदीसारखा रेझिनचा पट्टा जाणारे टेबल, मात्र अलीकडचे. ती फॅशन रुजवणारे अमेरिकी कारागीर ग्रेग क्लासन यांच्या मूळ टेबलांत नदी निळ्या काचेची असे, रेझिन त्या जागी नंतर आले.

सुतार बोलताना 'रेझिन वाळले' म्हणतात. बोलायला ठीक आहे, पण बहुतेक चुका याच शब्दातून जन्मतात. पॉलिश वाळते म्हणजे त्यातला थिनर उडून जातो. इपॉक्सीतून काहीच उडून जायचे नसते, रेझिनचे आणि हार्डनरचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. म्हणून हार्डनर जास्त घातला तर लवकर घट्ट होईल हा समज खोटा आहे. जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही आणि वस्तू कायमची चिकट किंवा रबरासारखी राहते. हा समज येतो फायबरग्लासच्या कामातून. कूलरच्या टाक्या आणि पत्र्यांना वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन. त्यात एक-दोन टक्के कॅटॅलिस्ट, म्हणजे संयोग सुरू करणारे रसायन, पडतो आणि तो थोडा वाढवला तर काम खरोखरच लवकर घट्ट होते. पॉलिएस्टर स्वस्त पडते, पण डोळ्यांत झोंबणारा स्टायरिनचा वास, जास्त आकुंचन आणि लाकडावरची कमी पकड यामुळे सुतारकामात त्याचा उपयोग नाही. दुकानदाराने 'रेझिन, कॅटॅलिस्ट आणि कोबाल्ट' अशा तीन बाटल्या पुढे केल्या तर ते इपॉक्सी नाही एवढे ओळखावे.

निवडीचा पहिला प्रश्न जाडीचा. दोन-तीन मिलिमीटरचा थर द्यायचा असेल तर कोटिंग किंवा टेबलटॉप रेझिन लागते. ते काकवीसारखे दाट असते, कडेवरून लगेच पळत नाही आणि ओतल्यावर आपोआप सुमारे तीन मिलिमीटरवर सपाट होते. प्रमाण बहुधा मापाने १:१ असते. दोन-चार सेंटिमीटर किंवा त्याहून खोल ओतायचे असेल तर कास्टिंग, म्हणजे 'डीप पोअर' रेझिन घ्यावे. हे पातळ असते, बुडबुडे सहज वर येतात, प्रमाण बहुधा २:१ किंवा ३:१ असते आणि घट्ट व्हायला एक ते तीन दिवस लागतात. हा संथपणा मुद्दाम ठेवलेला असतो. दोन द्रवांच्या संयोगातून उष्णता निघते. पातळ थरातली उष्णता हवेत निघून जाते, पण जाड ठोकळ्यात ती कोंडते. कोंडलेल्या उष्णतेने संयोग आणखी वेग धरतो आणि पुन्हा उष्णता वाढते. त्यामुळे टेबलटॉप रेझिन चार सेंटिमीटर खोल ओतले तर ते पिवळे पडते, तडकते, कधी धुरावतेही. उलट कास्टिंग रेझिनचा पातळ थर दिला तर पुरेशी उष्णताच तयार होत नाही आणि तो कित्येक दिवस मऊ राहतो.

पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी हे गोंद आहे, ओतकामाचे रेझिन नव्हे. ते पिवळसर असते. यूव्ही रेझिन एकाच बाटलीत येते आणि यूव्ही (अतिनील) दिव्याखाली किंवा उन्हात घट्ट होते. कानातली, किचेन अशा छोट्या कामाला ते सोयीचे आहे आणि ऊन तर खानदेशात फुकट आहे. पण गडद रंगातून किंवा लाकडाच्या सावलीत प्रकाश पोहोचत नाही, म्हणून जाड कामाला ते चालत नाही.

तापमानाचा हिशोब असा धरतात की दर १० अंश वाढीला संयोगाचा वेग साधारण दुप्पट होतो. बाटलीवर ४० मिनिटांचा कामाचा वेळ लिहिला असेल तर ३५ अंशांना २० आणि ४५ अंशांना १० मिनिटे उरतात. त्यात पेल्यातल्या ढिगाची स्वतःची उष्णता मिळते. हे लिहिणाऱ्याने एका मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये अर्धा किलो टेबलटॉप मिसळून प्लॅस्टिकच्या मगात ठेवले आणि फोन घेतला. परत येईपर्यंत मगाचा तळ बसला होता आणि मधून धूर निघत होता. मिसळलेले रेझिन मगात न ठेवता लगेच पसरट ताटात किंवा थेट कामावर ओतावे हे त्या दिवशी कळले. म्हणून उन्हाळ्यात खानदेशात टेबलटॉपसुद्धा 'स्लो' हार्डनरचेच मागावे.

यावर कूलर लावणे हा घरोघरीचा उपाय. खोली गार होते खरी, पण कूलर हवेत पाणी सोडतो. ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड हार्डनरमधल्या अमाइन या घटकाशी जुळून वरच्या अंगाला मेणचट पांढुरकी साय आणतात. पावसाळ्यातही हेच होते. ही साय साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन मगच घासावी, नुसते घासले तर ती पॉलिश पेपरमध्ये भरून सगळीकडे पसरते. एसी नसेल तर जुन्या धाब्याच्या घरातली आतली खोली बरी. मातीचे छत आणि जाड भिंती दुपारीही तापमान फारसे चढू देत नाहीत. फक्त वर कापड ताणावे, कारण धाब्याची माती ओल्या रेझिनवर पडायला टपलेलीच असते.

ओतायची वेळ रात्रीची धरावी. लाकडाच्या छिद्रांतली हवा तापली की फुगते आणि बुडबुडे वर ढकलते. तापमान उतरत असताना ती आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. म्हणून संध्याकाळनंतर आधी छिद्रे बंद करणारा एक पातळ थर, म्हणजे सील कोट, द्यावा आणि तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही अशा बेताला आला की मुख्य ओत घालावा. हा बेत चुकला तर थर पूर्ण घट्ट होऊ द्यावा आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मगच पुढचा ओत घालावा. वर आलेले बुडबुडे हीट गन किंवा गॅस टॉर्च झटपट फिरवून फोडतात. एका जागी आच धरली तर रेझिन करपते.

लाकूड कोरडे हवे, ओलावा १२ टक्क्यांच्या आत. ओल्या फळीवर ओतलेले रेझिन पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आकसले की कडेने सुटते. या भागात सर्वांत भरवशाचे लाकूड म्हणजे पाडलेल्या धाब्याच्या घरांतल्या सागवानी तुळया आणि खांब. अनेक दशके वाळलेले असल्याने ते आता फारसे आकसत-फुगत नाही. खिळ्यांची भोके आणि भुंग्यांची बिळे काळ्या रंगाच्या रेझिनने भरली तर खुलून दिसतात. साग तेलकट असल्याने ओतण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसावा. सातपुड्यातला अंजन याच्या उलट अडचणीचा. तो इतका घट्ट असतो की रेझिन आत शिरत नाही, म्हणून ८० नंबरने खरबरीत करून पकड तयार करावी लागते. आंबा आणि चिंच रेझिन अधाशासारखे पितात, तिथे सील कोटचे दोन हात लागतात. बाभूळ, आंबा काहीही असो, साल मोह आवरून काढून टाकावी. ती आज ना उद्या सुटतेच.

मालाचा अंदाज सोपा आहे. लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणावी आणि हजाराने भागावे, म्हणजे लिटर येतात. १२० × १५ × ४ सेंटिमीटरच्या नदीला ७.२ लिटर, म्हणजे जवळजवळ आठ किलो माल लागतो. ६० सेंटिमीटर चौरस टेबलावर तीन मिलिमीटरचा थर द्यायला लिटरभराच्या थोडे वर लागते. मोजताना 'मापाने' आणि 'वजनाने' यांत गल्लत होते. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो. मापाने २:१ असलेले मिश्रण वजनाने साधारण १०० ला ४२ ते ४५ पडते, १०० ला ५० नव्हे. नेमका आकडा बाटलीवर पाहावा. छोट्या कामाला सराफाच्या दुकानातल्यासारखा, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा. पाच ग्रॅमच्या कानातल्यात अर्ध्या ग्रॅमची चूकही फार होते.

खानदेशातले सध्याचे एक मागणीचे रेझिनकाम वरमाळेचे आहे. लग्नातली माळ चौकटीत कायम ठेवायची असते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्ने दाट असतात, म्हणजे माळा नेमक्या भर उन्हाळ्यात येतात. फुले सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांत, आठवडाभर तरी पूर्ण सुकवावी लागतात. पाकळीत ओल राहिली तर ती आत काळी पडते आणि भोवती धुके धरते. सुकी गुलाबपाकळी हवेने भरलेली असते, म्हणून आधी ब्रशने पातळ रेझिन चोपडून मग सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे ओत एकावर एक घालावेत. इथे कास्टिंग रेझिनच हवे आणि यूव्ही-रोधक घातलेले हवे. तरी उन्हाने कधीच पिवळे न पडणारे इपॉक्सी नसते, वेळ लांबते एवढेच. पिवळे पडणारच नाही यावर दुकानदार पैज लावायला तयार असतात, आपण लावू नये.

दुसरी मर्यादा उष्णतेची. हस्तकलेची बहुतेक रेझिने ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. चहाचा कप थेट ठेवला की कडे उमटते. कानबाईसाठी (खानदेशातल्या देवीच्या उत्सवासाठी) किंवा लक्ष्मीपूजनासाठी केलेल्या रेझिनच्या चौरंगावर समई ठेवायची तर खाली पितळी ताटली हवी. दुपारी बंद गाडीतून नेलेली पातळ थाळी वाकलेली निघते. टेबल नेहमी गरम भांडी झेलणार असेल तर उच्च तापमानाचे रेझिन मागावे किंवा रेझिनचा नाद सोडून मेलामाइन पॉलिश करावे.

साच्याला सिलिकोन उत्तम. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथिलीनला इपॉक्सी धरत नाही. म्हणूनच जळगावची प्लॅस्टिकची चटई खाली अंथरावी. सांडलेले थेंब घट्ट झाले की चटई वाकवताच बहुतेक उडून पडतात. रंग मात्र पाण्याचे किंवा अ‍ॅक्रिलिक नकोत, रेझिनची पेस्ट किंवा माइका (अभ्रक) पावडर घ्यावी.

'वास येत नाही' म्हणजे निरुपद्रवी नव्हे. हार्डनर वारंवार अंगाला लागला की काहींना कायमची अ‍ॅलर्जी जडते आणि मग नुसत्या वाफेनेही अंगावर पुरळ उठते. नायट्रिल हातमोजे आणि रसायनांच्या (सेंद्रिय) वाफा अडवणारा मास्क लागतो. घासताना धुळीचाही मास्क घालावा. हात थिनरने धुऊ नयेत, त्याने रसायन कातडीत जास्त शिरते. साबण पुरेसा आहे. उरलेला माल मोरीत न ओतता पातळ थरात घट्ट करून टाकावा.

थंडीत अडचण पालटते. धुळ्याकडे जानेवारीत पारा एक अंकी होतो, तेव्हा बाटलीतले रेझिन गोठलेल्या मधासारखे रवाळ आणि पांढुरके होते. ते खराब झालेले नसते. बाटली ५० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात ठेवून रवा पूर्ण विरघळला आणि माल पुन्हा खोलीच्या तापमानाला आला की वापरता येतो. हार्डनर मात्र जुना झाला की लालसर होतो. तो गरम केल्याने उजळत नाही, काळ्या किंवा गडद निळ्या कामाला बाजूला ठेवावा.