जॉइन झाला, आता जरा ठाण्याकडे बघा

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्यांचा नकाशा उघडला की दिसतं चित्र, पण त्याच्या पोटात एक साधं टेबल असतं. लेयरवर (म्हणजे नकाशाच्या त्या थरावर) राइट क्लिक करून ॲट्रिब्यूट टेबल उघडा, एका जिल्ह्याला एक ओळ, त्यात नाव, कोड, फारतर क्षेत्रफळ. लोकसंख्या असते दुसरीकडेच, जनगणनेच्या सीएसव्हीत, म्हणजे टेबलाच्या साध्या टेक्स्ट फाइलीत. ही दोन टेबलं जोडणं म्हणजेच जॉइन. मग लेयरच्या प्रॉपर्टीजमधला जॉइन्सचा टॅब, हिरवं प्लस, त्या टेबलातला कुठला कॉलम आपल्या कुठल्या कॉलमशी जुळवायचा ते सांगा, ओके, अर्ध्या मिनिटाचं काम. यामागची आयडिया जुनी आहे, कॉम्प्युटर शास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली: माहिती वेगवेगळ्या टेबलांत ठेवा आणि सामाईक कॉलम बघून जुळवा.

पण सॉफ्टवेअरला भूगोल येत नाही हो, ते नुसती अक्षरं ताडून बघतं. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी टेबलात बीडचं स्पेलिंग बी-आय-डी आहे, नकाशावाल्याने दोन ई घातले की संपलं, बीडच्या ओळीत नल, म्हणजे रिकामी जागा.

मराठी नावं वापरली की सुटलो असं मला वाटायचं. खडकवासल्याजवळचं गोऱ्हे बुद्रुक घ्या. एका फाइलीत 'बु.' आणि दुसरीत 'बुद्रुक', हे तरी डोळ्यांना दिसतं, पण तो अर्धा र! युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक खालच्या टिंबाच्या ऱ पासून आणि दुसरा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडाक्षरी कॅरेक्टर घालून. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सेम, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळी गावं. माझी अख्खी दुपार गेलीय यात.

म्हणून नावाऐवजी जनगणनेच्या कोडवर जॉइन करायचा. २०११ ला महाराष्ट्राचे जिल्हे नंदुरबार ४९७ पासून सांगली ५३१ पर्यंत आहेत. देशाचा नकाशा असेल तर नावाच्या वाटेला जाऊच नका, त्या यादीत औरंगाबाद दोन आहेत, एक आपलं (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि एक बिहारचं, आणि साधा जॉइन एका नावाला एकच ओळ धरतो, म्हणजे दोन्हींकडे एकच लोकसंख्या. कोडलाही खोड आहेच म्हणा, सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की हिमाचलच्या ०२ या राज्य कोडमधला शून्य उडतो.

तरी नल परवडलं, निदान दिसतं तरी. खरी पंचाईत चुकीचं जुळतं तेव्हा. २०११ चं ठाणे म्हणजे ९,५५८ चौरस किलोमीटर आणि १,१०,६०,१४८ माणसं, घनता साधारण १,१५७. पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळं झालं आणि ठाणे उरलं ४,२१४ चौरस किलोमीटर. आता आजचा नकाशा आणि २०११ चं टेबल जोडा. पालघर पांढरं पडतं, ते लगेच नजरेत भरतं आणि सगळे तेच भरायला धावतात. इकडे ठाण्याला मात्र नाव जुळलं म्हणून अख्ख्या जुन्या जिल्ह्याची माणसं चिकटली, घनता थेट २,६२५ च्या आसपास, गडद लाल रंग, आणि कुणाला काही खटकत नाही कारण ठाणे गर्दीचंच की!

यावर उपाय म्हणजे एकतर २०११ च्याच हद्दी घ्यायच्या, नाहीतर एक पायरी खाली उतरून तालुक्यांवर जॉइन करायचा. जुन्या ठाण्याचे तालुके पंधरा, त्यातले वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा वगैरे आठ पालघरला गेले, सात ठाण्यात राहिले, त्यांची बेरीज केली की दोन्ही जिल्ह्यांचे आकडे हातात येतात. कटकटीचं आहे, पण मला तरी हेच पटतं.

आणि हो, हा जॉइन फक्त तुमच्या प्रोजेक्टपुरता असतो, मूळ फाइल आहे तशीच राहते. कायमचा हवा तर लेयर एक्सपोर्ट करा, आणि करताना शेपफाइल नको, जिओपॅकेज घ्या (दोन्ही नकाशाच्या फाइलींचे प्रकार), कारण शेपफाइल कॉलमचं नाव दहा अक्षरांवर कापते आणि मग 'population_male' आणि 'population_female' दोन्ही 'पॉप्युलेशन' होऊन बसतात, त्यातला एक नुसता नंबर लावून.