द्वंद्वात जिंकणारा गर्दीत का पडतो?

ऑनलाइन हवाई लढाईच्या खेळांत असे खेळाडू हमखास भेटतात. एकास एक लढतीत त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही, पण मोठ्या सांघिक सामन्यात उतरले की पहिल्या काही मिनिटांतच खाली येतात. चाट पडलेले प्रेक्षक मग लॅगला (इंटरनेटच्या दिरंगाईला) नाहीतर नशिबाला दोष देतात. खरं कारण भौतिकशास्त्रात आहे.

विमानाचा वेग आणि उंची ही एकाच ऊर्जेची दोन रूपं. ताशी ६०० किलोमीटर वेगाने चाललेल्या विमानाने नाक वर केलं, तर निव्वळ त्या वेगाच्या बदल्यात त्याला सुमारे १४०० मीटर उंची मिळू शकते (हवेचा विरोध आणि इंजिनाचा जोर तूर्त बाजूला ठेवू). अमेरिकेत लढाऊ वैमानिक जॉन बॉइड आणि गणितज्ञ थॉमस ख्रिस्टी यांनी १९६०च्या दशकात याच हिशेबावर लढाऊ विमानांची तुलना मांडली. इंजिनाच्या जोरातून हवेचा विरोध वजा करा, वेगाने गुणा, वजनाने भागा. विमान ऊर्जा कमावतंय की गमावतंय ते कळतं. करकचून वळताना विरोध एवढा वाढतो की उत्तर उणे येतं.

द्वंद्वात हे उणे चालतं. दोघेही सारख्या उंचीवरून, सारख्या वेगाने सुरुवात करतात आणि तिसरा कुणी येणार नसतो. शेवटच्या वळणापर्यंत सगळी पुंजी उधळली तरी बिघडत नाही, फक्त ती समोरच्यापेक्षा हुशारीने उधळायची. द्वंद्वाचं सगळं कौशल्य इथेच आहे, आणि ते खरोखर अवघड आहे.

आता तोच डाव गर्दीत खेळून बघा. ताशी ४०० किलोमीटर वेगाने, ४ जी ताण (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौपट) घेत पूर्ण गोल वळायला साधारण १८ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ५०० किलोमीटरने येणारं दुसरं विमान अडीच किलोमीटर कापतं. म्हणजे वळण सुरू करताना जो क्षितिजावरचा ठिपका होता, तो वळण संपेपर्यंत तुमच्या शेपटीला लागलेला असतो. तोवर तुमचा वेग संपलेला, आणि नजर पुढच्या सावजावर खिळलेली.

संख्याबळाचं गणित इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मांडलं होतं. प्रत्येकाला कुणावरही मारा करता येत असेल, तर ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच विरुद्ध चार अशी बरोबरीच्या विमानांची लढत झाली तर चार संपतात आणि पाचांतले तीन उरतात, कारण २५ वजा १६ म्हणजे ९. पण पाठलागात ही अट पुरती लागू पडत नाही, कारण एका शेपटीमागे एकालाच नीट जागा असते. एका शत्रूमागे चौघे धावले की तिघे नुसतेच ऊर्जा जाळतात, आणि वर एकमेकांच्या गोळ्यांच्या वाटेत येतात. त्यामुळे मला संख्येपेक्षा मांडणी महत्त्वाची वाटते.

मांडणीचा उत्तम नमुना म्हणजे ‘थॅच वीव्ह’. जपानी झिरो विमान अमेरिकी वाइल्डकॅटपेक्षा चपळ होतं, चढायलाही सरस. अमेरिकी नौदलातल्या जॉन थॅचने टेबलावर काड्या मांडून यावर तोड शोधली आणि जून १९४२च्या मिडवेच्या लढाईत ती वापरली. दोन विमानं शेजारी, पण अंतर राखून उडतात. एकाच्या मागे शत्रू लागला की दोघंही एकमेकांच्या दिशेने वळतात. पाठलाग करणारा वळत वळत आपसूक दुसऱ्याच्या तोफांसमोर येतो. त्याने माघार घेतली नाही तर मरतो, घेतली तर पहिला सुटतो.

यात अंतर कळीचं आहे. ते वळणाच्या व्यासाएवढं तरी हवं. ताशी ४०० किलोमीटर वेगाला आणि ४ जी ताणाला हा व्यास सुमारे ६५० मीटर येतो. शेजारी १०० मीटरवर चिकटून उडणारा साथीदार दिसायला छान, पण त्याला नाक शत्रूकडे वळवायला जागाच नसते. शिवाय या डावाला व्हॉइस चॅटही लागत नाही. साथीदार अचानक तुमच्या दिशेने वळला, याचा अर्थच तुमच्या मागे कुणीतरी लागलंय.