दोन हजार भरले, कर्ज किती फिटलं?

तुळशीबागेत घासाघीस करून नोटा मोजून देताना जीव थोडा वर-खाली होतो. चार पावलांवर लक्ष्मी रोडला कार्ड टेकवून दहा हजारांची साडी घेताना तसं होत नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या द्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी हेच मोजलं. त्यांनी विद्यार्थ्यांसमोर बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव मांडला. काहींना रोख भरायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीवर गेली. पैसे हातातून सुटताना जी टोचणी लागते, तीच खर्चाला आवर घालते. कार्ड तिला बिलाच्या तारखेपर्यंत लांबवतं.

कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे किमान भरायची रक्कम. हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीत मी सात महिने दुसराच आकडा भरत होतो, आणि बिल वेळेवर भरतोय असं मनापासून मानत होतो. एका रात्री वही घेऊन बसलो आणि झोप उडाली.

समजा, ४०,००० रुपये थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के. महिन्याचं व्याज झालं १,४००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५२. तुम्ही २,००० भरले, तर १,६५२ तिथेच गेले. मुद्दल उतरलं फक्त ३४८ रुपयांनी!

साडेतीन हा आकडा किरकोळ वाटतो, कारण आपलं मन बेरजेने चालतं आणि चक्रवाढ गुणाकाराने. काहीच भरलं नाही, तर जीएसटी आणि दंड सोडूनही वर्षाला ५१ टक्के होतात. ७२ ला दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ ढोबळमानाने कळतो: इथे जेमतेम वीस महिने. त्यात थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज कार्डावर घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज.

माझी एक एफडी होती, सात टक्क्यांची. अडीअडचणीला असू दे म्हणून जपलेली. एकीकडे सात मिळवायचे आणि दुसरीकडे चक्रवाढ न धरताही साडेतीन गुणिले बारा, म्हणजे बेचाळीस द्यायचे, याला बचत म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती मोडली, सगळी थकबाकी भरली आणि बँकेच्या ॲपमध्ये ऑटो-पे उघडून पाहिलं. तिथे ‘मिनिमम ड्यू’ निवडलेलं होतं. ते बदलून ‘टोटल ड्यू’ केलं.