पाइसा उत्परिवर्तन

कोलंबियाच्या अँतिओकिया प्रांतातील काही घराण्यांत आढळणारा, अकाली अल्झायमर स्मृतिभ्रंश घडविणारा जनुकीय बदल. प्रांतातील लोकांना ‘पाइसा’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. चौदाव्या गुणसूत्रावरील प्रिसेनिलिन-1 जनुकातील या बदलामुळे प्रथिनाच्या 280 व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी ॲलॅनीन येते. आई किंवा वडिलांकडून आलेली एक सदोष प्रत रोगास पुरेशी ठरते.

उगमाविषयी एकवाक्यता नाही. गावोगावी हा आजार शाप किंवा चेटूक मानला जाई. प्रांताची राजधानी मेदेयिन येथील चेताविकारतज्ज्ञ फ्रान्सिस्को लोपेरा यांनी चर्चमधील नोंदी धुंडाळून वंशावळी जुळविल्या. त्या साधारणपणे 18 व्या शतकापर्यंत पोहोचतात. 2014 मधील जनुकसंचाच्या अभ्यासात मात्र सामाईक पूर्वज सुमारे 15 पिढ्यांपूर्वीचा ठरला. स्पॅनिश वसाहतकाळात आलेल्या एका युरोपीय व्यक्तीकडून हा बदल पसरला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कागदोपत्री पुरावा तेथवर जात नाही.

वाहकांत सौम्य बौद्धिक ऱ्हास सरासरी 44 व्या, तर स्मृतिभ्रंश 49 व्या वर्षाच्या सुमारास दिसतो. तथापि एकाच घरातील भावंडांतही हे वय बरेच मागेपुढे होते. त्यामागे इतर जनुकांचा हात आहे. मेदवाहक प्रथिन घडविणाऱ्या एपीओई जनुकाचा ई4 प्रकार रोग लवकर आणतो, असे 2003 च्या अभ्यासात दिसले. ई2 प्रकार तो सुमारे 12 वर्षे लांबवितो, असे 2016 मध्ये मांडले गेले.

2019 मध्ये प्रसिद्ध झालेले एका स्त्रीचे उदाहरण विलक्षण आहे. पाइसा उत्परिवर्तन असूनही तिला सौम्य ऱ्हास सत्तरीनंतरच जाणवला. एपीओईच्या ई3 या सर्वसामान्य प्रकारातील ‘ख्राइस्टचर्च’ बदलाच्या दोन्ही प्रती तिच्यात होत्या. मेंदूच्या चित्रणात ॲमिलॉइड या चेतापेशींभोवती साचणाऱ्या प्रथिनाचा साठा प्रचंड, पण पेशींच्या आत गुंता करणाऱ्या टाऊ प्रथिनाच्या गाठी मोजक्याच आढळल्या. हा बदल एपीओईचे पेशींच्या पृष्ठभागावरील हेपरान सल्फेटयुक्त (शर्करासाखळ्या असलेल्या) प्रथिनांशी होणारे बंधन सैल करतो. टाऊचा प्रसार त्यामुळेच रोखला जात असावा. एका व्यक्तीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे होते, म्हणून 2024 चा अभ्यास अधिक मोलाचा : बदलाची एकच प्रत असलेल्या 27 वाहकांत ऱ्हास सुमारे पाच वर्षे उशिरा, तुलनेसाठी निवडलेल्या इतर वाहकांतील 47 ऐवजी (मध्यक वय) 52 व्या वर्षी सुरू झाला. रीलिन या मेंदूतील प्रथिनाच्या जनुकातील ‘कोल्बोस’ बदलाने एका पुरुषाची बुद्धी 67 व्या वर्षापर्यंत शाबूत राखल्याचे 2023 मध्ये नोंदले गेले. तो पुरावा अद्याप मुख्यतः त्या एकाच पुरुषावर उभा आहे.

या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तपासण्या करून घेतल्या आणि मृत्यूनंतर मेंदूही दान केले. वरील बहुतेक ज्ञान त्यांचे ऋणी आहे. ख्राइस्टचर्च बदलासारखा परिणाम साधणारी प्रतिपिंडे उंदरांवर तपासली गेली आहेत.